रात्रभराचे नाटक आणि अपुरे कार्ड : कॅमकॉर्डर घेताना व वापरताना या चुका टाळा

दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागला की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत गावोगावी नाटके होतात आणि ती पहाटेपर्यंत चालतात. असे नाटक किंवा घरचे लग्न टिपण्यासाठी कॅमकॉर्डर घेणारा माणूस पहिली चूक दुकानातच करतो, ती म्हणजे खोक्यावरचा झूमचा सर्वांत मोठा आकडा पाहून भुलणे. तो आकडा बहुधा डिजिटल झूमचा असतो; त्यात भिंगाचे काम काहीच नसते, चित्राचा मधला तुकडा तेवढा ताणून दाखवला जातो. पाहायचा तो ऑप्टिकल झूम, आणि रात्रीच्या मंडपासाठी त्याहूनही महत्त्वाचा सेन्सरचा, म्हणजे भिंगामागे प्रकाश टिपणाऱ्या भागाचा, आकार. बाहेरचा माइक जोडण्याची सोय नसलेला कॅमेरा तर घेऊच नये, कारण शेवटच्या रांगेतून नटांच्या संवादापेक्षा जनरेटरच अधिक ऐकू येतो.

परदेशातील नातलगाकडून कॅमेरा मागवताना तो पाल (PAL) पद्धतीत, म्हणजे 50 हर्ट्झच्या विजेला जुळणाऱ्या चित्रपद्धतीत, चित्रीकरण करतो का, हे आधी विचारावे. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची आहे. 60 हर्ट्झच्या देशासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यात ट्यूबलाइटखालचे चित्र लुकलुकते आणि काही कॅमेऱ्यांत ही पद्धत बदलताच येत नाही. तसा कॅमेरा घरात आलाच असेल, तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवून पाहावे. पुष्कळदा दोष जातो.

खरी हानी मात्र साठवणुकीत होते. एव्हीसीएचडी या कॅमकॉर्डरच्या फाइल-प्रकारात 24 एमबीपीएस (सेकंदाला 24 मेगाबिट) दराने एका तासाला सुमारे 10.8 जीबी जागा लागते, म्हणजे सहा तासांच्या नाटकाला 64.8 जीबी, आणि म्हणूनच 64 जीबीचे कार्ड नेमके शेवटच्या प्रवेशात दगा देते. फोर-के, म्हणजे अधिक बारकाव्याचे, चित्रीकरण 60 एमबीपीएसने केल्यास हाच हिशेब तासाला 27 जीबींवर जातो. त्यासाठी व्ही30 अशी (लिहिण्याच्या वेगाची) खूण असलेले कार्ड घ्यावे. आठवडी बाजारातील स्वस्त कार्डावर लिहिलेली क्षमता खोटी असू शकते. संगणकावर एच2टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ते काठोकाठ भरून तपासल्याखेरीज लग्नाला नेऊ नये.

चित्रीकरण चालू असताना बॅटरी संपली, तर शेवटची फाइल अर्धवट राहते. अशा वेळी घाबरून कार्ड फॉरमॅट करू नये, त्यावर नवे काही टिपूही नये. चार्ज केलेली बॅटरी लावून तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात घातल्यास अनेक कॅमेरे दुरुस्तीचा पर्याय स्वतःच देतात. उन्हाळी लग्नांत आणखी एक पथ्य पाळावे लागते. बहुतेक कॅमेरे 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडचा मे महिना ती मर्यादा जुमानत नाही, म्हणून उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नये.

संगणकावर घेताना ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’च करावी. एका लग्नाच्या फाइली मी कट करून हलवत होतो आणि मध्येच लाइन गेली; हळद वाचली, वरातीची फाइल मात्र उघडलीच नाही. पेनड्राइव्हवर एखादी फाइल ‘फार मोठी’ म्हणून नाकारली गेली, तर तो पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 या जुन्या फॉरमॅटचा असतो आणि त्यावर 4 जीबींहून मोठी फाइल बसत नाही. त्यातील मजकूर दुसरीकडे हलवून तो एक्सफॅट या नव्या प्रकारात फॉरमॅट केला की काम होते. एव्हीसीएचडीतील सुट्या फाइली वेचून न घेता संपूर्ण फोल्डर उचलावे, कारण लांब चित्रीकरणाचे तुकडे पडलेले असतात आणि ते नीट जोडण्यासाठी लागणारी माहिती इतर फाइलींमध्ये असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ आकुंचित झालेला असतो, त्याला प्रत मानू नये.

दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. दोन्ही प्रती शेवटपर्यंत चालवून पाहिल्यावरच कार्ड रिकामे करावे, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.