अमेरिकेत परराज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशाची शक्यता कशी काढायची

"जॉर्जिया टेकचा अॅक्सेप्टन्स रेट चौदा टक्के आहे, म्हणजे सातात एकाला मिळतंच," असं एका वडिलांनी मला सांगितलं. मुलगा न्यू जर्सीचा, हुशार, गणितात माझ्याच वर्गातला. आकडा बरोबर होता, पण तो त्या मुलाचा नव्हता. २०२४च्या प्रवेशांत जॉर्जियातल्या अर्जदारांपैकी साधारण तीनातल्या एकाला जागा मिळाली आणि जॉर्जियाबाहेरच्यांपैकी जेमतेम दहातल्या एकाला. चौदा टक्के ही या दोन गटांची मिळून सरासरी.

मी इथे न्यू जर्सीत सरकारी हायस्कुलात गणित शिकवते आणि दर उन्हाळ्यात आपल्या मराठी घरांतली मुलं कॉलेजांच्या याद्या घेऊन येतात. त्या याद्या मी कशा तपासते ते लिहिते. हे सगळं सरकारी विद्यापीठांबद्दल आहे. एमआयटी, स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन खासगी आहेत, तिथे राज्याच्या रहिवाशांसाठी वेगळ्या जागा नसतात, त्यामुळे हा हिशोब तिथे लागू नाही.

पहिलं काम राज्याचा नियम शोधण्याचं. सरकारी विद्यापीठ त्या राज्याच्या करदात्यांच्या पैशावर उभं असतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी बाहेरच्यांवर मर्यादा असते. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिल आणि एनसी स्टेट या दोन्ही विद्यापीठांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बाहेरचे १८ टक्क्यांपर्यंतच. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसच्या नव्या वर्गात नव्वद टक्के मुलं टेक्सासचीच असतात. त्यातल्याही बहुतेकांना शाळेतल्या वरच्या क्रमांकामुळे आपोआप प्रवेश मिळतो. आधी वरचे ६ टक्के होते, २०२६च्या प्रवेशांपासून वरचे ५ टक्के. उरलेल्या थोड्या जागांसाठी अख्खा देश आणि परदेश. याउलट इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात राज्याबाहेरची मुलं निम्म्याहून जास्त आहेत, मिशिगनमध्येही बाहेरच्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास. त्यामुळे पर्ड्यू आणि ऑस्टिन यादीत एका ओळीत लिहिले तरी आपल्या मुलासाठी ते दोन वेगळ्या जातीचे अर्ज आहेत.

आता आकडे. जवळपास प्रत्येक विद्यापीठ दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची फाइल काढतं. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधा, मिळते. तिच्यातला सी१ हा भाग उघडा: किती अर्ज, किती जणांना होकार, किती जण प्रत्यक्ष आले. अलीकडच्या फायलींत हेच आकडे राज्यातले, राज्याबाहेरचे आणि परदेशी असे वेगळे देण्याची सोय आहे. काही विद्यापीठं ते भरतात, काही रकाने रिकामे सोडतात. भरले असतील तर तुमचं अर्धं काम झालं.

रिकामे असतील तर हिशोब करावा लागतो, आणि इथेच बहुतेक पालक चुकतात. समजा बाहेरच्यांचे २०,००० अर्ज आले आणि बाहेरच्यांसाठी ८०० जागा आहेत. पालक म्हणतात, चार टक्के. पण मर्यादा असते ती येणाऱ्या मुलांवर, होकारपत्रांवर नाही. बाहेरच्या मुलांना फी जास्त आणि घरच्या राज्याचा पर्यायही हाताशी, म्हणून होकार मिळालेल्यांतले बरेचसे येतच नाहीत. चारातला एक येतो असं धरलं तर ८०० जागा भरायला ३,२०० होकार द्यावे लागतात, म्हणजे सोळा टक्के. चार आणि सोळा यांत केवढा फरक! हे गणित कागदावर करा, मुलालाच करायला सांगा. बाहेरच्यांचं येण्याचं प्रमाण वेगळं दिलेलं नसेल तर एकूण प्रमाणापेक्षा ते कमीच धरा.

एवढ्यावर थांबलात तर तो विद्यापीठाचा आकडा झाला, इंजिनिअरिंगचा नाही. इलिनॉयचं अर्बाना-शॅम्पेन अर्ज घेतानाच मेजर, म्हणजे मुख्य विषय, विचारतं आणि मेजरनुसार निवडतं. तिथे ग्रेंजर या इंजिनिअरिंग कॉलेजचं कॉम्प्युटर सायन्स म्हणजे एक वेगळंच कॉलेज समजा, होकाराचं प्रमाण एक अंकी. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तर कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मिळणारे बाहेरचे शंभरात मोजके दोन-चार. विद्यापीठाचा एकूण आकडा बघून हे कधीच कळणार नाही. त्या-त्या कॉलेजच्या पानावर नव्या वर्गाची माहिती असते, ती काढा. इलिनॉय कॉलेजवार गुणांचे पट्टे छापतं, ते फार उपयोगी आहेत.

काही जण विचारतात, सोप्या मेजरला अर्ज करून नंतर बदललं तर? अर्बाना-शॅम्पेनला कॉम्प्युटर सायन्समध्ये नंतर शिरणं फार अवघड आहे, त्या भरवशावर मुलाची चार वर्षं लावू नका. पर्ड्यूची रीत निराळी: इंजिनिअरिंगला घेतलेली सगळी मुलं पहिल्या वर्षी एकत्र शिकतात आणि नंतर शाखा निवडतात. त्यामुळे तिथे पहिल्या वर्षाच्या ग्रेड कमी पडल्या तर हवी ती शाखा हुकू शकते. ज्या मुलाचं मेकॅनिकल की एअरोस्पेस हे ठरलेलं नाही त्याला ही रीत बरी पडते, असं माझं मत.

आता मूल. कॉमन डेटा सेटमधल्या सी९ भागात एसएटी या परीक्षेचे पंचविसाव्या आणि पंचाहत्तराव्या पर्सेंटाइलचे गुण असतात. हे गुण सगळ्या विद्यापीठाचे असतात, इंग्रजी साहित्यवाल्यांसकट. इंजिनिअरिंगला आणि तेही बाहेरून जाणाऱ्याने गणितात वरच्या आकड्याच्या जवळ असावं, असा माझा दंडक आहे. जिथे गुण पाठवणं ऐच्छिक आहे तिथे चांगले गुण असलेलेच पाठवतात, म्हणून छापलेला पट्टा खऱ्या वर्गापेक्षा वर सरकलेला असतो. किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही तिथेच दिलेलं असतं, ते आधी वाचा. जॉर्जिया टेक, पर्ड्यू आणि ऑस्टिन गुण मागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॅम्पसं गुण बघतच नाहीत.

सी७ हा तक्ताही चुकवू नका. निवडताना कोणत्या गोष्टीला किती वजन, हे विद्यापीठानेच तिथे खुणा करून सांगितलेलं असतं: विषयांची काठिण्यपातळी, ग्रेड, निबंध, शिफारसपत्रं, राज्याचं रहिवासित्व. रहिवासित्वासमोर 'फार महत्त्वाचं' अशी खूण असेल तर काय समजायचं ते समजा.

मी मुलांचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेडची नोंद, एकटं कधी वाचत नाही, शेजारी शाळेचं प्रोफाइल ठेवते. प्रोफाइल म्हणजे शाळेत कोणते एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय आहेत, किती मुलं ते घेतात, हे सांगणारं दोन-चार पानांचं पत्रक, जे काउन्सेलर अर्जासोबत पाठवतात. एका मुलीच्या ट्रान्स्क्रिप्टवर अकरावीतच एपी कॅल्क्युलस बीसी होतं, अ ग्रेड, पण फिजिक्स फक्त एपी फिजिक्स वन. प्रोफाइलवर मात्र त्याहून अवघड असलेलं एपी फिजिक्स सी ठळक छापलेलं. वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येणार, इंजिनिअरिंगला जाणारीने ते का घेतलं नाही? तर तो तास आणि ऑर्केस्ट्रा एकाच वेळी होते. तिने काउन्सेलरना ते पत्रात लिहायला सांगितलं, आणि बारावीचं वेळापत्रक बदलून सी घेतलं. एवढ्याशा ओळीने अर्ज नीट वाचला जातो. शाळेत सी नसतंच तर कुणी ते धरून बसत नाही. विषय उपलब्ध असून न घेणं, हे वाचणाऱ्याला खटकतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी ग्रेडचा हिशोब नव्याने करावा लागतो. तिथे जीपीएसाठी, म्हणजे ग्रेडच्या सरासरीसाठी, नववीच्या ग्रेड धरत नाहीत, दहावी-अकरावीच्या धरतात. बाहेरच्या मुलांना जादा गुण फक्त एपी, आयबी अशा विषयांचे मिळतात, शाळेच्या ऑनर्स वर्गांचे नाहीत. आपल्याकडे मुलं 'माझा वेटेड (जादा गुण धरून) जीपीए साडेचार आहे' म्हणून येतात आणि या पद्धतीने तो बराच खाली येतो. किमान अटही वेगळी: कॅलिफोर्नियातल्यांना ३.० आणि बाहेरच्यांना ३.४. अर्थात बर्कलीच्या इंजिनिअरिंगला किमान अटीवर कुणी पोचत नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात खरी माहिती शाळेच्याच नॅव्हियान्स या ऑनलाइन प्रणालीवर मिळते. तिथल्या आलेखात आधीच्या मुलांचे ठिपके असतात: आडवे गुण, उभा जीपीए, कोण घेतलं गेलं, कोण नाही. जॉर्जिया टेकच्या आलेखावरचे आपल्या शाळेचे जवळजवळ सगळे ठिपके न्यू जर्सीच्याच मुलांचे, म्हणजे बाहेरच्यांचेच आहेत! राज्याचा फरक त्यात आपोआप धरला गेला. फक्त मेजर दिसत नाही, म्हणून काउन्सेलरना विचारा की यातले इंजिनिअरिंगचे किती होते. नाव न घेता ते बहुधा सांगतात.

यानंतर मी मुलाला यादीत तीन रंग करायला लावते: रीच (मिळणं अवघड), टार्गेट (मिळण्याजोगं) आणि सेफ्टी (जवळपास नक्की). तुम्ही काढलेला बाहेरच्यांचा, त्या कॉलेजचा आकडा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर मुलाचे गुण कितीही असोत, ते रीच. टार्गेट नाही. एवढ्या कमी प्रमाणात नाकारलेल्यांतही उत्तम गुणांची मुलं ढिगाने असतात. सेफ्टीच्या ओळीत रटगर्स किंवा एनजेआयटी असावं, आणि मुलाने तिथे एकदा जाऊन प्रयोगशाळा पाहिलेल्या असाव्यात. नुसतं नाव लिहिलेली सेफ्टी एप्रिलमध्ये मुलाला फार दुखवते, मी ते पाहिलंय.

पैशाचं बोलणं अर्ज करण्याआधी करा, होकार आल्यावर नाही. पर्ड्यूची बाहेरच्यांची ट्यूशन वर्षाला २९,००० डॉलरच्या आत आहे, २०१३पासून गोठवलेली. कॅलिफोर्नियात नेहमीच्या ट्यूशनवर बाहेरच्यांसाठी वेगळी आकारणी आहे, ती एकटीच ३४,००० डॉलरच्या वर. चार वर्षांचा आकडा लिहा, राहणं-जेवण धरून, आणि मुलासमोर लिहा. परवडणार नाही ते कॉलेज यादीतून ऑगस्टमध्येच जाऊ द्या.

ज्यांची मुलं एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आहेत त्या घरांसाठी आणखी एक. मुलाने हायस्कूल न्यू जर्सीतच केलं तरी काही विद्यापीठं प्रवेशासाठी त्याला परदेशी अर्जदारांत धरतात, काही राज्याबाहेरच्यांत, आणि फीसाठीचा नियम पुन्हा निराळा असू शकतो. फाफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत एच-४वर मिळत नाही. प्रत्येक प्रवेश कार्यालयाला ईमेल करून दोन वेगळे प्रश्न विचारा: प्रवेशासाठी कोणत्या गटात, आणि फीसाठी कोणत्या. उत्तर लेखी ठेवा. आपल्याच राज्यातल्या विद्यापीठालाही हे विचारा.

अर्ली अॅक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निर्णय मिळवण्याची, तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते. जॉर्जिया टेकमध्ये जॉर्जियाच्या मुलांची आधी, ऑक्टोबरमध्ये, आणि बाकीच्यांची नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तेव्हा जॉर्जियातल्या मित्राची तारीख बघून घाबरू नका. निर्णय लांबणीवर पडला तर विद्यापीठाने मागितलेला फॉर्म आणि बारावीच्या पहिल्या सहामाहीच्या ग्रेड वेळेत पाठवा. वेटलिस्टवर नाव आलं तरी १ मेपर्यंत होकार दिलेल्या कॉलेजात डिपॉझिट भरून जागा पक्की करा. वेटलिस्ट पुढे हलली तर ती रक्कम बहुधा परत मिळत नाही, तेव्हा तेवढा खर्च धरूनच चाला.