पाण्याला मातीचा वास आला की क्लोरीनकडे हात नेऊ नका

एप्रिल संपत आला की पुण्याच्या आसपासच्या लहान गावांतल्या जलशुद्धीकरण केंद्रांवरून मला फोन सुरू होतात. "मॅडम, टर्बिडिटी (गढूळपणा) एकच्या खाली आहे, क्लोरीन बरोबर आहे, पाणी अगदी काचेसारखं दिसतंय. पण लोक म्हणतात मातीचा वास येतो." मी 27 वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून काम केलं, आता सहकारनगरात घरी असते. हा फोन वेळेत आला की मला बरं वाटतं, कारण त्या दिवशी तरी एक चूक थांबवता येते.

ती चूक माझ्या हातून झालेली आहे. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका लहान शहराच्या केंद्रावर मला महिनाभरासाठी पाठवलं होतं. मे महिना, तलाव तळाला गेलेला, पाण्यावर हिरवट झाक. पाण्याला हलकासा वास यायला लागला म्हणून मी प्री-क्लोरीन, म्हणजे गाळण्याआधीच टाकायचा क्लोरीन, वाढवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर हाउसचं दार उघडलं तर ओल्या मातीचा वास अंगावर आला. दुपारी एक बाई कळशी घेऊन थेट केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, "याचा चहा करून बघा." केला. गरम झाल्यावर वास आणखी वर आला, चहाच्या पत्तीलाही तो झाकता येईना.

झालं होतं ते असं. निळं-हिरवं शेवाळ म्हणजे खरं तर एक जिवाणूच. तो जिऑस्मिन नावाचा पदार्थ बनवतो आणि त्याचा बराचसा भाग स्वतःच्या पेशीत ठेवतो. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो तोच हा, आणि बिटाच्या कंदाला येणारा वासही हाच. क्लोरीनने पेशी फुटली, आतलं सगळं पाण्यात उतरलं. आणि जिऑस्मिन मोडण्याची ताकद क्लोरीनमध्ये जवळजवळ नाही. पेशी अख्खी असती तर तुरटीने खाली बसली असती. मी ती फोडून तिच्यातला वास गाळण्याच्या पलीकडे नेऊन ठेवला.

माणसाचं नाक लिटरमागे 10 नॅनोग्रॅम जिऑस्मिनही ओळखतं. 25 लाख लिटरच्या जलकुंभात 25 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठापेक्षाही कितीतरी कमी. इतक्या प्रमाणात तो बाधत नाही. त्याचा जोडीदार एमआयबी, त्याला बंद ट्रंकेतल्या जुन्या गोधडीसारखा, कापराकडे झुकणारा कुबट वास येतो. तोही बाधत नाही. बाधतं ते वेगळंच असतं आणि त्याला वास नसतो. त्याच्याकडे पुढे येते.

आधी नाक कामाला लावा. महागडं यंत्र तुमच्या केंद्रावर नसणार, पण बूच लावता येणारे चार-पाच काचेचे फ्लास्क असतील. ते बिनवासाच्या सोड्याने धुऊन, गरम पाण्याने खळबळून घ्या. 200 मिलिलिटर पाणी घाला, बूच लावा, पाण्याच्या बाथमध्ये 60 अंशांपर्यंत तापवा, गोल हलवा, बूच काढा आणि लगेच हुंगा. क्लोरीन असलेल्या नमुन्यात आधी थायोसल्फेटचा थेंब टाका, नाहीतर क्लोरीनच नाकात भरतो. हुंगणारी माणसं किमान तीन हवीत आणि कुठला फ्लास्क कुठला हे त्यांना ठाऊक नसावं. त्या दिवशी प्रयोगशाळेत गजरा नको, अत्तर नको, नुकताच चहा किंवा तंबाखू नको. आमच्याकडे एक मुलगी वटपौर्णिमेला मोगरा माळून आली होती. तिला मी तो दिवसभर बाहेर पिशवीत ठेवायला लावला. तिला वाईट वाटलं, पण ते आवश्यकच होतं. फ्लास्क तीनच ठेवा: रॉ वॉटर (तलावातून आलेलं कच्चं पाणी), क्लॅरिफायरनंतरचं (गाळ खाली बसवायच्या टाकीतून आलेलं), फिल्टरनंतरचं. वास कुठे वाढतो ते यावरून कळतं. क्लॅरिफायरनंतर तो रॉ वॉटरपेक्षा जास्त असेल, तर पेशी तुमच्याच केंद्रात फुटताहेत.

दुसरी परीक्षा याहून सोपी. तलावाचं हिरवट पाणी उभ्या काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर साय धरल्यासारखा आला असेल तर निळं-हिरवं शेवाळ असण्याची दाट शक्यता. त्यातल्या बऱ्याच जातींच्या पेशींत हवेच्या पिशव्या असतात, म्हणून त्या तरंगतात. साधं हिरवं शेवाळ सहसा तळाशी बसतं. सूक्ष्मदर्शक असेल तर बघा: मण्यांची माळ दिसली तर ॲनाबीना, सरळ दोरे दिसले तर ऑसिलेटोरिया, चिकट गोळ्यात रुतलेले बारीक ठिपके दिसले तर मायक्रोसिस्टिस. शेवटचा दिसला तर वासाची काळजी मागे ठेवा आणि विषाची पुढे घ्या.

आता जॅकवेल, म्हणजे जिथून पंप तलावाचं पाणी उचलतो ती विहीर. हा थर वाऱ्याबरोबर सरकतो. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पूर्वेच्या काठाला जाडसर साय जमते आणि जॅकवेल तिथे असेल तर पंप तीच ओढतो. वेगवेगळ्या खोलीवर झडपा असतील तर वरची बंद करून खालची उघडा, मात्र अगदी तळाची नको. तिथलं पाणी उन्हाळ्यात प्राणवायूविना असतं, त्यातून लोह, मँगनीज आणि सडक्या अंड्याचा वास येतो. झडपा नसतील तर जॅकवेलभोवती तरंगता अडसर बांधा, ड्रम आणि शेडनेट लावूनही काम भागतं. तलावात मोरचूद टाकायला कुणी सांगेल. फुलोरा, म्हणजे शेवाळाची झपाट्याने होणारी वाढ, सुरू होण्याआधी, अगदी थोड्या पेशी असताना त्याचा उपयोग आहे. पाणी रंगासारखं हिरवं झाल्यावर टाकलंत तर सगळ्या पेशी एकदम मरून फुटतील आणि मासेही जातील.

केंद्रातली पहिली गोष्ट: प्री-क्लोरीन बंद. भिंतींना शेवाळ धरेल, ब्रशने घासावं लागेल, तेवढं करा. दुसरी गोष्ट तुरटी. शेवाळ दिवसा उजेडात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे सकाळी 7.8 असलेला पीएच दुपारी 9 वर जाऊ शकतो. अशा पाण्यात सकाळचा डोस दुपारी चालत नाही, फ्लॉक, म्हणजे तुरटीने धरलेल्या गुठळ्या, हलका होऊन वर तरंगतो. म्हणून जार टेस्ट, म्हणजे बीकरमध्ये वेगवेगळे डोस टाकून बघायची चाचणी, दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी दोनच्या सुमारास करा. तुरटीने पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान आणता आला तर फ्लॉक जड बसतो आणि पेशी अख्ख्या खाली जातात. या एका पायरीवर जितकं लक्ष द्याल तितका पुढचा खर्च वाचेल.

पाण्यात आधीच उतरलेल्या वासाला पावडर कार्बन, म्हणजे वास शोषून घेणारी कोळशाची बारीक पूड, लागतो. हिशेब सोपा आहे: लिटरमागे जितके मिलिग्रॅम, गुणिले दशलक्ष लिटर, बरोबर रोजचे किलो. 10 दशलक्ष लिटरच्या केंद्रात 20 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे रोज 200 किलो, 25 किलोच्या आठ गोण्या. हा खर्च बघून मुख्याधिकारी दचकतात, म्हणून नेमका डोस शोधायला पुन्हा जार टेस्टच करा. पाच बीकरमध्ये लिटरमागे 0, 10, 20, 30 आणि 40 मिलिग्रॅम कार्बन टाकून अर्धा तास हळू ढवळा, मग तुरटी घाला, बसू द्या, गाळा, तापवून हुंगा. जिथे तिघांनाही वास येत नाही तो डोस. कार्बन तुरटीच्या आधी पडला पाहिजे आणि त्याला अर्धा तास तरी मिळाला पाहिजे. जॅकवेलपासून केंद्रापर्यंतची लाइन लांब असेल तर जॅकवेलवरच टाका, नळातच तो वेळ मिळतो. क्लोरीन आणि कार्बन एकाच जागी कधीच नकोत, दोघंही एकमेकांना वाया घालवतात. गोण्या क्लोरीन पावडरजवळ ठेवू नका, आग लागू शकते. आणि कालवताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाते.

नारळाच्या करवंटीचा कार्बन वासाला चांगला, कारण त्याची छिद्रं बारीक असतात. विषाचा रेणू मोठा असतो, त्याला लाकडाचा, मोठ्या छिद्रांचा कार्बन लागतो. खरेदीच्या कागदावर फक्त "ॲक्टिव्हेटेड कार्बन" लिहिलंत तर काय हाती येईल सांगता येत नाही. मोठ्या शहरांना ओझोन आणि दाणेदार कार्बनचे बेड परवडतात, ते उत्तमच. मी इथे ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आता विष. मायक्रोसिस्टिन यकृतावर हल्ला करतं. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनची लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2015 मध्ये तान्ह्या आणि शाळेआधीच्या मुलांसाठी 0.3 ठेवली. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये याच कारणाने चार लाखांहून जास्त लोकांना जवळजवळ तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. ब्राझीलमधल्या कारुआरूमध्ये 1996 साली तलावाचं पाणी टँकरने डायलिसिस केंद्रात गेलं आणि 50 हून अधिक रुग्ण दगावले. डायलिसिसमध्ये पाणी थेट रक्ताशेजारी येतं. म्हणून तुमच्या शहरातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्राचा फोन नंबर कंट्रोल रूमच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि थर दिसला त्याच दिवशी कळवा.

क्लोरीनचा मान इथे आहे, पण शेवटी. गाळलेल्या पाण्यात, पीएच 8 च्या खाली असताना, अर्ध्या तासानंतरही लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरला तर मायक्रोसिस्टिन बऱ्यापैकी मोडतं. सगळी विषं मात्र त्याला जुमानत नाहीत, ॲनाटॉक्सिन-ए तसंच राहतं. नमुना तपासणीला पाठवाल तेव्हा तपकिरी काचेच्या बाटलीत, बर्फात घालून पाठवा. काही प्लास्टिक विष चिकटवून घेतं आणि अहवाल खोटा चांगला येतो.

गाळाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. क्लॅरिफायरच्या तळाशी बसलेल्या पेशी दोन-चार दिवसांत मरतात आणि आतलं सगळं परत पाण्यात सोडतात. फुलोऱ्याच्या दिवसांत गाळ रोज काढा, शक्य असेल तर प्रत्येक शिफ्टला. बॅकवॉशही, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणंही, लवकर घ्या. आणि बॅकवॉशचं पाणी एरवी तुम्ही परत इनलेटला घेत असाल तर तेवढे दिवस ते बाहेर सोडा. पाणी वाया जातं म्हणून जीव तुटतो, मला कळतं, पण त्यात वास आणि विष दोन्ही पुन्हा आत येतात.

शुद्ध पाणी झाकलेलं हवं. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणताना पेशव्यांनी ते जमिनीखालच्या बंद नळातून आणलं. उजेड नाही तिथे शेवाळ नाही. सोसायट्यांच्या गच्चीवरच्या उघड्या झाकणाच्या टाकीत मात्र नव्याने शेवाळ उगवतं आणि तक्रार तुमच्याकडे येते. तक्रार एकाच इमारतीची असेल तर आधी त्यांची टाकी बघा. तलावात खत कुठून येतं हेही बघा. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जातं. फॉस्फरस येत राहिला तर तिथल्या काठावरच्या केंद्रांना दर उन्हाळ्यात हे सगळं करावंच लागणार.

लोकांचे फोन येतील. त्यांना "वास येतोय, पण तक्रार कशाला" असं म्हणू नका. फक्त वास असेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिस नसेल, विषाची शंका नसेल, तर सांगा की फ्रिजमधल्या गार पाण्याला वास कमी येतो, घरच्या फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तोही मदत करतो, आणि आम्ही कार्बन सुरू केला आहे, दोन-तीन दिवस लागतील. विषाची शंका असेल तर उकळा असं अजिबात सांगू नका. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी दुसरं पाणी वापरा असं स्पष्ट सांगा आणि टँकर कुठून येणार हेही त्याच वाक्यात सांगा.

केंद्रावरच्या रजिस्टरमध्ये टर्बिडिटी, पीएच, क्लोरीन असे रकाने असतात. त्यात एक वाढवा: वास. आकडा नको, शब्द लिहा. ओली माती, कापूर, गोधडी, काही नाही. तारीख आणि वाऱ्याची दिशाही लिहा.