टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर पुटकुळ्यांचं काय करायचं?

आपण ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतो, त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जोरात कामाला लागतात. कपाळ, जबडा, पाठ, खांदे, काही सुटत नाही. साधारण पहिलं वर्ष जोराचं, मग बहुतेकांचं ओसरतं. तोवर विरार लोकलची गर्दी, मे महिन्याचा घाम आणि वरून बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा! घरी पोचलात की आधी तो काढा, आंघोळ करा, आणि रोज धुतलेलाच घाला.

चेहरा दिवसातून दोनदा, सौम्य फेसवॉशने. खसाखसा घासू नका. पाठीला मी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश लावतो, दोन-तीन मिनिटं ठेवून धुतो. टॉवेल मात्र पांढरा घ्या. हे औषध कापडाचा रंग खातं. आईच्या निळ्या टॉवेलवरचे फिके चट्टे साक्षीला आहेत.

रात्री कोरड्या चेहऱ्यावर ०.१ टक्के अडापॅलिन (पुटकुळ्यांवर लावायचं औषध), वाटाण्याएवढं. फक्त पुटकुळीवर नाही, सगळीकडे पातळ. आधी एक दिवसाआड. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. सकाळी सनस्क्रीन हवंच.

केमिस्टने काउंटरवरून स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची ट्यूब पुढे केली, तर सरळ नको म्हणा.

दुखऱ्या गाठी, व्रण दिसले की केईएम किंवा सायनची त्वचारोग ओपीडी गाठा. आयसोट्रेटिनॉइन (जास्त पुटकुळ्यांवरची गोळी) दिलं तर रक्ततपासण्या आल्याच. गर्भाशय असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा: या गोळीने गर्भाला गंभीर इजा होते, आणि टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. अडापॅलिनही गरोदरपणात टाळतात. इंजेक्शनचा डोस मनाने कमी करू नका. लहान डोस जास्त वेळा घेता येईल का, ते हार्मोनच्या डॉक्टरांना विचारा.