एका गोणीत एकरभर मका: युरियाच्या तुटवड्यात खरीप कसा सांभाळायचा

पाऊस उघडला, वाफसा आला, मका गुडघ्याला लागला आणि युरिया नाही. जुलैच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात येवला, सिन्नर, नांदगाव, मालेगावकडे ही रड आता नवी राहिलेली नाही. रेक म्हणजे खताची मालगाडी लागल्याची बातमी फुटली की सकाळी सहालाच दुकानापुढे चपलांची रांग. माझ्या पुढच्या मावशींचा आधारचा अंगठा मशीन घेत नव्हतं. आठ दिवस निंदणी केलेला हात, बोटावर रेघाच उरल्या नव्हत्या. पदराला पुसून बघितला, डोक्याच्या तेलाला लावून बघितला. चौथ्या खेपेला मशीन वाजलं आणि त्यांच्या वाट्याला एक गोणी आली. मक्याचं वावर अडीच एकर.

हा सल्ला त्या एका गोणीसाठी आहे.

हिशेब आधी किलोवर आणू. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे २०.७ किलो. मक्याला शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद (फॉस्फरस), ४० पालाश (पोटॅश). एकरी नत्र झालं ४८ किलो. पेरताना डीएपीची, म्हणजे नत्र-स्फुरदाच्या खताची, एक गोणी दिली असेल तर त्यातून ९ किलो नत्र आधीच गेलंय. राहिलं ३९, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांनाही थोडं कमीच. आपल्याकडे तीन टाकणारे किती आहेत ते आपण सगळे जाणतो. बांधापलीकडच्याने तीन टाकल्या, त्याचा मका काळाभोर दिसतो, मग आपणही तीन. रांग लांबण्यात या तिसऱ्या गोणीचाही हात आहे.

आता एकच गोणी मिळाली असेल तर ती कशी द्यायची, यावर सगळं अवलंबून. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास किंवा वर. अशा ओल्या जमिनीवर युरिया फेकला आणि वरून पाऊस आला नाही, तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ही पुस्तकातली गोष्ट मला नाकाने कळली. एके वर्षी संध्याकाळी आभाळ भरून आलं म्हणून घाईघाईने दीड एकरात तीन गोण्या फेकल्या. रात्री वारं सुटलं, ढग चांदवडच्या डोंगरापलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वावरात उकिडवा बसलो तर गोठ्यात येतो तसला उग्र दर्प. तो दर्प म्हणजे माझा युरिया. गोणीवर कडुलिंबाचा लेप असल्याचं लिहिलेलं असतं, पण तो लेप जमिनीत गेलेलं नत्र पुढे निचरून जायला उशीर लावतो. वर उघड्यावर पडलेल्या दाण्याची वाफ तो थांबवत नाही.

तेव्हा फेकू नका. ओळीच्या एका अंगाला, ताटापासून चार बोटं सोडून चिमटीने टाकत जा आणि मागोमाग कोळपं फिरवा. दाणा मातीआड गेला पाहिजे, एवढंच बघा. मका वाढून कोळपं शिरत नसेल तर मागच्या माणसाने खुरप्याने माती ओढावी. मजुरी वाढते हे खरं, पण मजूर निदान मिळतो, गोणी मिळत नाही. ठिबक असेल तर प्रश्नच सुटला: दर चार-पाच दिवसांनी एकरी दोन-तीन किलो सोडत राहा.

गोणीचे दोन भाग करा. २२ किलो पेरणीनंतर २५ ते ३० दिवसांनी, उरलेला ४० ते ४५ दिवसांनी, तुरा बाहेर पडायच्या आधी. गुडघ्याएवढा झाल्यापासून तुऱ्यापर्यंत मका सगळ्यात जास्त नत्र ओढतो. या काळातली उपासमार पुढे कितीही खत घातलं तरी भरून येत नाही.

दोन एकर मका आणि एकच गोणी, असं झालं तर? रांगेत एकाने सांगितलं, एका एकराला पोटभर घालतो, दुसरा देवावर. हे चुकीचं आहे. पहिल्या दहा किलो नत्राने जेवढा दाणा वाढतो तेवढा शेवटच्या दहा किलोने वाढत नाही. दोन्ही एकरांना अर्धी अर्धी द्या. फक्त जिथे आधीच कोंबडीखत किंवा शेणखत पडलंय तो तुकडा सोडला तरी चालेल.

खरंच नत्र कमी आहे का, हेही पानाला विचारा. मक्याचं सगळ्यात खालचं पान हातात घ्या. टोकापासून मधल्या शिरेवरून देठाकडे पिवळा पाचर उतरलेला दिसला तर नत्र कमी. कडा करपल्यात आणि मधली शीर हिरवी, तर पालाश. पानावर जांभळी झाक असेल तर स्फुरद, किंवा नुसता गारठा आणि पाण्याचा ताण. पाणी साचून मुळं गुदमरली तरी मका पिवळा पडतो, तिथे आधी चारी काढा.

सोयाबीनचं गणित निराळं. निफाड, दिंडोरीकडे सोयाबीन पिवळं पडलं की लोक युरियाच्या रांगेत उभे राहतात, आणि माझ्या मते ही रांगेतली सगळ्यात फुकट गेलेली गोणी. चार रोपं मुळासकट, मातीच्या ढेकळासह उपटा, पाण्यात हलकेच धुवा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक गाठ फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ते पीक हवेतलं नत्र स्वतःच घेतंय, त्याला तुमच्या युरियाची गरज नाही. उलट जास्त युरिया दिला तर गाठी सुस्तावतात. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम चालू नाही, तिथे २ टक्के युरियाची एक फवारणी करा. आणि पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांवर असून शिरा हिरव्या असतील, तर तो चुनखडीच्या जमिनीतला लोहाचा प्रश्न. त्याला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, थोडं सायट्रिक आम्ल घालून फवारा.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर नॅनो युरियाच्या, म्हणजे पानांवर फवारायच्या द्रव युरियाच्या, बाटलीचंही बोलू. २ टक्के फवारणी म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम युरिया, एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो. त्यातून मिळालं जेमतेम १.८ किलो नत्र. पीक तरतरीत दिसतं, आठ-दहा दिवस निभतात. आता नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली घ्या. २०२१ मध्ये आली तेव्हा त्यात ४ टक्के नत्र होतं, म्हणजे २० ग्रॅम. नंतरच्या नॅनो युरिया प्लसमध्ये २० टक्के म्हणतात, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम. गोणीत २० किलो. हवी असेल तर जरूर फवारा, पण गोणीच्या जागी बाटली धरून मक्याचं नियोजन मी तरी करणार नाही.

आणि गोणी हवी तर बाटली घ्यावीच लागेल, सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट घ्यावंच लागेल, ही लिंकिंगची सक्ती कोणत्याही नियमात बसत नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार दुकानात साठा आणि दर लिहिलेला फलक दिसला पाहिजे आणि पक्कं बिल मिळालं पाहिजे. युरियाच्या गोणीवर छापलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे. मी स्वतः एकदा याहून बरेच जास्त मोजून गप्प घरी आलोय, कारण मका थांबणार नव्हता. तुम्ही निदान बिल मागा. बिल असेल तर पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रारीला आधार राहतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुटवडा येतो कुठून? अर्धं कारण समुद्रापलीकडे आहे. युरिया देशात बराच तयार होतो, पण तो नैसर्गिक वायूपासून, आणि त्यातला मोठा वाटा आयात होतो. कतारचा वायू होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो, तिथे गडबड झाली की त्याची झळ आपल्या तालुक्याला बसते. डीएपीचा कच्चा माल मोरोक्को, जॉर्डनकडचा, तयार मालही बराच बाहेरचा. चीनने २०२१ पासून फॉस्फेटची निर्यात कधी आवळली, कधी सैल केली. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धाने वायू आणि पोटॅश दोन्ही महागले. पालाश तर जवळपास सगळाच बाहेरून. दुसरं अर्धं कारण आपल्याच शिवारात आहे. इथेनॉलला मका लागायला लागला, सोयाबीनचा भाव पडलेला, म्हणून बाजरी-सोयाबीनच्या जागी मका आला. बाजरीपेक्षा मक्याला कितीतरी जास्त नत्र लागतं, आणि सोयाबीन तर आपलं आपण बघतं. मागणी वाढणारच होती.

याचा ताटावर होणारा परिणाम शहरात उशिरा कळतो. एक टन दाणा पिकवायला मका साधारण २० ते २५ किलो नत्र उचलतो, म्हणजे वाया न गेलेली एक गोणी आठ-दहा क्विंटल दाण्यामागे उभी असते. ती नसली की कणसाचं टोक पोकळ राहतं. दिवाळीत लासलगावला मक्याची आवक घटते, मग कोंबडीखाद्य महागतं, मग अंडं. कांद्यात वेगळं होतं: मोठा गोळा कमी, गोल्टी म्हणजे बारीक कांदा जास्त. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं पीक कोसळलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. शेणखताचा पुरेसा साठा नसताना रासायनिक खत अचानक तोडलं की काय होतं, ते सगळ्यांनी बघितलं.

आपल्या जिल्ह्यात मार मात्र सारखा बसत नाही. द्राक्षवाला विद्राव्य खत महागात का होईना घेतो. कोरडवाहू मकेवाला आणि पेठ-सुरगाण्याचा भातवाला रांगेतच राहतो.

भातवाल्यांसाठी एक जुनी पण चांगली गोष्ट: युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट. नियंत्रित अंतरावर लावणी करून चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची, लावणीच्याच दिवशी. पाण्यासोबत वाहून जाणारं नत्र वाचतं. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्राला यातलं चांगलं माहीत आहे, तिथे विचारा. बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा पाला चिखलणीत टाका.

डीएपीचा तुटवडा मला कमी घाबरवतो. डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत २४ किलो स्फुरद, वर १६ किलो गंधक, आणि सोबत २० किलो युरिया टाकला की हिशेब पुरा. कांद्याला गंधक लागतोच, तिथे सुपर उजवंच ठरतं. शिवाय स्फुरद नत्रासारखा उडून जात नाही, जमिनीत साठतो. वर्षानुवर्षं डीएपी खाल्लेल्या द्राक्षबागांच्या माती अहवालात स्फुरदापुढे ‘भरपूर’ लिहून येतं. अशा बागेला एक हंगाम स्फुरद कमी दिला तर काही बिघडत नाही. अहवाल नसेल तर ऑक्टोबर छाटणीच्या आधी माती काढा, अजून वेळ आहे.

तुटवड्यात नकली माल येतो. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पाणी हाताला गार लागतं. तव्यावर टाकला तर वितळून जातो, मागे काही उरत नाही. डीएपीचे दाणे चुन्यासोबत तळहातावर चोळले की झणझणीत वास येतो, तव्यावर फुगतात. सुपरचे दाणे फुगत नाहीत. शंका आली तर गोणी तशीच शिवलेली ठेवा आणि खत निरीक्षकाला बोलवा, उसवून अर्धी वापरली की नमुन्याला अर्थ राहत नाही.

साठवणुकीबद्दल बोलायचा मला खरं तर अधिकार नाही. २०२२ च्या धास्तीने मी रब्बीचं खत जुलैतच आणून पडवीत रचलं होतं. श्रावणातल्या दमटपणाने गोण्यांचा दगड झाला, लाकडी मोगरीने फोडावा लागला, आणि त्या गोण्या ज्याला जुलैत हव्या होत्या तो दुकानातून रिकाम्या हाताने गेला असणार.

पण सप्टेंबरात उशिरा रेक लागते, तेव्हाचं मात्र आधीच ठरवून ठेवा. त्या वेळी मक्याला तुरा येऊन गेलेला असतो, दाण्यात दूध भरत असतं. तिथे युरिया टाकणं म्हणजे तण पोसणं. जुलैत लावलेल्या लाल कांद्यालाही ६० दिवसांपुढे नत्र नको, माना जाड होतात आणि कांदा लवकर सडतो. ती गोणी रांगड्याला, म्हणजे उशिरा खरिपाच्या कांद्याला, ठेवा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची त्याला शिफारस हेक्टरी ११० किलो नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश आणि ४० गंधक अशी आहे. त्यातलं नत्र एक तृतीयांश लावणीला, बाकीचं ३० आणि ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत. तोवर गोणी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर आणि प्लास्टिकच्या कागदाखाली असू द्या, आणि उळं म्हणजे कांद्याचं बी टाकलेल्या वाफ्यात कुजलेलं कोंबडीखत घातलं असेल तर रोपाला त्या गोणीतला मूठभरही देऊ नका.