मधुमेही मांजराचे इन्सुलिन आणि रात्रीची रक्तशर्करा

मधुमेह झालेल्या बहुतेक मांजरांना बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोन वेळा इन्सुलिन द्यावे लागते. सकाळी दिलेल्या मात्रेचा परिणाम घरातील माणसे जागी असताना होतो, त्यामुळे मांजर मलूल झाले किंवा चालताना झोकांड्या खाऊ लागले तर ते कोणाच्या तरी नजरेस पडते. संध्याकाळच्या मात्रेची गोष्ट वेगळी आहे. इन्सुलिनच्या प्रकारानुसार, मात्रा दिल्यानंतर साधारणपणे चार ते आठ तासांनी रक्तातील साखर सर्वांत खाली जाते. म्हणजे रात्री आठ वाजता दिलेल्या इन्सुलिनचा हा नीचांक मध्यरात्र ते पहाटे चारच्या दरम्यान येतो आणि तो पाहायला कोणी जागे नसते. म्हणून रात्रीचा विचार संध्याकाळची सिरिंज भरण्यापूर्वीच करावा लागतो. एखादी रात्र साखर चढी राहिली तर एरवी ठीक असलेल्या मांजराचे फारसे बिघडत नाही, परंतु काही तास ती फार खाली राहिली तर मेंदूला इजा होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. पुढील सर्व सूचना हे ध्यानात ठेवून लिहिल्या आहेत. मात्रा किती असावी आणि ती केव्हा बदलावी, हे मांजराला तपासणाऱ्या पशुवैद्यांनीच ठरवायचे असते. त्यांना ते नेमकेपणाने ठरवता यावे इतकी माहिती मात्र घरातूनच मिळू शकते.

आकडे कसे वाचावेत

निरोगी मांजराच्या रक्तातील साखर साधारणपणे ७० ते १२० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर एवढी असते. यंत्र मिलीमोल प्रति लिटरमध्ये आकडा दाखवत असेल, तर त्याला १८ ने गुणले की हेच माप मिळते. इन्सुलिनवर असलेल्या मांजराला चोवीस तास निरोगी पट्ट्यात ठेवण्याचा हट्ट धरू नये. दिवसाचा बहुतेक काळ साखर १०० ते ३०० च्या दरम्यान राहिली आणि नीचांक ८० ते १५० च्या आसपास आला, तर नियंत्रण चांगले आहे असे समजतात. साखर साधारण २५० ते २९० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते, जाताना पाणीही ओढून नेते, आणि त्यामुळेच मांजर सारखे पाणी पिते व वारंवार लघवी करते. याउलट ६० च्या खालचा आकडा, लक्षणे दिसत असोत वा नसोत, तातडीचा मानावा.

रक्त तपासण्याचे यंत्र कोणते आहे, यालाही महत्त्व आहे. मांजराच्या रक्तातील साखरेची तांबड्या पेशी व रक्तद्रव यांतील विभागणी माणसापेक्षा वेगळी असल्यामुळे, माणसांसाठी बनवलेले ग्लुकोमीटर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. प्राण्यांसाठी बनवलेले यंत्र मिळत असेल तर तेच वापरावे. न मिळाल्यास माणसांचे यंत्रही चालते, मात्र यंत्र मधेच बदलू नये आणि ते कोणते आहे हे पशुवैद्यांना सांगून ठेवावे. दवाखान्यात घेतलेल्या एकट्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण निव्वळ भीतीने मांजराची साखर ३०० च्या वर गेलेली आढळते. आपल्या नेहमीच्या जागी, ओळखीच्या माणसाच्या मांडीवर बसलेल्या मांजराचा आकडा त्याहून कितीतरी खरा असतो.

रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून घ्यावा. कान आधी कोमट कापडाने अर्धा-एक मिनिट शेकावा, म्हणजे कडेची बारीक शीर फुगते. कानाच्या आतून घडी केलेला कापूस धरून शिरेच्या अगदी लगत टोचावे आणि नंतर थोडा वेळ कापसाने हलके दाबून ठेवावे. टोचल्यानंतर लगेच मांजराच्या आवडीचा, कर्बोदके नसलेला एखादा घास द्यावा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावली तर बहुतेक मांजरे काही आठवड्यांत तपासणीच्या वेळी आपण होऊन येऊन बसतात, आणि रात्री दोन वाजता आकडा घेण्याची वेळ आली तर याच सवयीचा आधार मिळतो.

संध्याकाळची मात्रा

क्रम नेहमी एकच असावा: आधी रक्तातील साखर पाहावी, मग मांजर नेहमीसारखे खाते का ते पाहावे आणि त्यानंतरच इन्सुलिन द्यावे. मात्रेपूर्वीचा आकडा किती असेल तर इन्सुलिन द्यायचे नाही, ही मर्यादा पशुवैद्यांकडून लिहून घ्यावी. उपचार नव्याने सुरू झाले असतील, तर २०० च्या खालच्या आकड्याला मात्रा थांबवून दूरध्वनी करणे हा सावध मार्ग आहे. मांजराने खाल्ले नाही, अर्धवट खाल्ले किंवा उलटी केली तर पूर्ण मात्रा आपल्या मनाने देऊ नये. अशा वेळी किती द्यायचे किंवा द्यायचेच की नाही, याची सूचनाही आधीच मागून ठेवावी, कारण हा प्रसंग बहुधा दवाखाना बंद झाल्यावरच येतो.

सिरिंजच्या बाबतीत होणारी चूक सर्वांत घातक ठरू शकते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. मांजरांसाठी वापरले जाणारे प्रोटामाइन झिंक इन्सुलिन आणि डुकराच्या इन्सुलिनपासून केलेले लेंटे इन्सुलिन यू-४० तीव्रतेचे असते, म्हणजे त्याच्या एक मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन सामान्यतः यू-१०० असते, म्हणजे त्याच्या एक मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर मांजराला अडीच पट मात्रा जाते. उलट चूक झाली तर मात्रा अडीच पटीने कमी पडते आणि साखर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. बाटलीवरील आणि सिरिंजवरील आकडा जुळतो का, हे नवी खरेदी केल्यावर दर वेळी पाहावे. मांजराची सुरुवातीची मात्रा बहुधा एक युनिटच्या आसपास असते आणि बदलही पाव किंवा अर्ध्या युनिटचे असतात, तेव्हा अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज मिळवावी.

इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी फेकून द्यावे. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते, ते हलवू नये, पातळ करू नये आणि गढूळ दिसल्यास वापरू नये. प्रोटामाइन झिंकची बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवावी. लेंटे इन्सुलिन मात्र एकसारखे दुधाळ होईपर्यंत हलवावे लागते.

सुई नेहमी मानेवरच टोचण्याऐवजी कुशीच्या आणि पोटाच्या बाजूच्या सैल कातडीत जागा बदलून टोचावी. चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीतून सुई आरपार जाऊन इन्सुलिन केसांवर सांडणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे; केस ओले लागले किंवा औषधाचा वास आला तर ती ओळखता येते. अशा वेळी, किंवा घरातील दुसऱ्या कोणी मात्रा आधीच दिली आहे का अशी शंका असताना, पुन्हा टोचू नये. एक मात्रा चुकली तर पुढच्या वेळेपर्यंत साखर चढी राहील, एवढेच. दुप्पट मात्रा गेली तर ती परत घेता येत नाही. मात्रा दिल्याबरोबर वेळ आणि देणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी इन्सुलिनच्या जवळच एक कागद लावून ठेवावा.

रात्रीचा नीचांक शोधणे

मात्रेचा परिणाम पाहण्याची नेहमीची पद्धत म्हणजे मात्रेपूर्वी आणि नंतर बारा तास दर दोन तासांनी साखर मोजून तिचा आलेख काढणे. हे बहुधा दिवसा केले जाते आणि त्यावरून रात्रही तशीच असेल असे धरले जाते. माझ्या मते हे गृहीतक धोक्याचे आहे, कारण रात्रीचे खाणे, हालचाल आणि झोप दिवसासारखी नसते, आणि एकाच मांजराचे दोन दिवसांचे आलेखही पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे मात्रा सुरू झाल्यावर, तसेच ती प्रत्येक वेळी वाढवल्यावर, निदान काही रात्री मात्रेनंतर चार ते सहा तासांनी एकदा आकडा घ्यावा.

हे सोपे व्हावे म्हणून मात्रेच्या वेळाच सोयीच्या निवडता येतात. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या वेळा ठेवल्या, तर रात्री दहा-अकराला झोपण्यापूर्वी घेतलेला आकडा नीचांकाच्या जवळपासचा असतो आणि काही करायची गरज असेल तर माणूस जागा असतो. आधीची वेळ बदलायची असल्यास ती पशुवैद्यांना विचारून रोज थोडी थोडी, पंधरा ते तीस मिनिटांनी सरकवावी. झोपण्यापूर्वीचा आकडा १०० च्या खाली असेल आणि मात्रा देऊन तीन-चार तासच झाले असतील, तर साखर आणखी उतरण्याची शक्यता धरून थोडे खाऊ घालावे आणि तास-दीड तासाने पुन्हा मोजावे. रात्री मधूनमधून खाणाऱ्या मांजरासाठी वेळ लावता येणारा स्वयंचलित फीडर उपयोगी पडतो. त्यात रोजच्या आहारातलाच एक भाग बाजूला काढून ठेवावा, जास्तीचा घालू नये.

अंगाला चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर परवडत असेल, तर रात्रीसाठी त्याच्याइतके उपयुक्त साधन नाही. फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर पशुवैद्य खांद्यांच्या मध्ये किंवा कुशीवर केस काढून बसवतात आणि तो साधारण दोन आठवडे चालतो, जरी मांजरांच्या अंगावरून तो अनेकदा त्याआधीच निघतो. तो रक्तातील नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजत असल्यामुळे, साखर वेगाने बदलत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. मांजर सेन्सरवरच कूस करून झोपले तर दाबामुळेही आकडा खोटा कमी येऊ शकतो. मध्यरात्री गजर वाजला तर आधी मांजराकडे पाहावे आणि कानाच्या रक्ताने खात्री करावी. खात्री करता येत नसेल, तर आकडा खरा मानून वागावे.

सकाळचा चढा आकडा

सकाळी साखर ४०० दिसली की मात्रा कमी पडते आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या एका आकड्याला अनेक कारणे असू शकतात. मात्रा खरोखर अपुरी असेल. इन्सुलिनचा परिणाम आठ-नऊ तासांतच संपत असेल. रात्री कोरड्या दाण्यांचा मोठा वाटा खाल्ला असेल. इन्सुलिन केसांवर सांडले असेल किंवा बाटली खराब झाली असेल. रात्री साखर फार खाली गेल्यावर शरीराने ती प्रतिक्रिया म्हणून वर ढकललेलीही असू शकते. हा प्रकार पूर्वी समजला जाई तेवढा सर्रास घडत नाही, विशेषतः ग्लार्जिनवर असलेल्या मांजरांत तो कमी दिसतो, तेव्हा प्रत्येक चढ्या आकड्यामागे तोच आहे असेही धरू नये. या सर्व शक्यतांतून एक निवडायची तर मधल्या रात्रीचे आकडे हवेत, आणि ते नसताना केवळ सकाळच्या आकड्यावरून मात्रा वाढवणे टाळावे. वाढवायची ठरलीच तर ती पाव ते अर्ध्या युनिटने वाढवावी, आणि परिणाम स्थिरावण्यासाठी पाच ते सात दिवस थांबावे.

साखर खाली गेल्यास

अचानक वखवखल्यासारखे खायला मागणे, अशक्तपणा, झोकांड्या, थरथर, विस्फारलेल्या बाहुल्या, विचित्र ओरडणे किंवा कोपऱ्यात लपणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. पुढे झटके येतात आणि शुद्ध हरपते. काही मांजरे यांपैकी काहीच न दाखवता गाढ झोपल्यासारखी पडून राहतात. मांजर शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर त्याला ताबडतोब खाऊ घालावे, आणि आकडा फार कमी असेल तर थोडा मध किंवा ग्लुकोजचे घट्ट द्रावण द्यावे. झटके येत असतील किंवा मांजर बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. मध बोटाने हिरड्यांवर चोळावा, चावा बसणार नाही अशी काळजी घ्यावी आणि लगेच दवाखाना गाठावा. मधाने मांजर शुद्धीवर आले तरी धोका टळलेला नसतो, कारण इन्सुलिनचे काम आणखी काही तास चालू राहते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी साखर मोजत राहावी, पोटभर खाऊ घालावे आणि पुढची मात्रा पशुवैद्यांशी बोलल्याशिवाय देऊ नये. चोवीस तास चालू असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा क्रमांक आधीच शोधून ठेवावा.

याच्या अगदी उलट संकट म्हणजे कीटोनांमुळे, म्हणजे इन्सुलिन अपुरे पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणाऱ्या पदार्थांमुळे, रक्तात होणारी आम्लता. मांजराने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, ते निपचित पडून राहू लागले आणि साखरही चढी असली, तर लघवीची पट्टी लावून कीटोन तपासावेत. ते आढळल्यास सकाळपर्यंत थांबू नये.

गरज कमी होऊ लागते तेव्हा

मांजरांमधील मधुमेह बहुतांशी माणसांच्या टाइप २ मधुमेहासारखा असतो. लवकर सुरू केलेले इन्सुलिन, कमी कर्बोदकांचा ओला आहार आणि लठ्ठ मांजराचे हळूहळू उतरवलेले वजन यांमुळे काही मांजरांची इन्सुलिनची गरज पूर्णपणे संपते. हे आनंदाचेच आहे, परंतु ज्या आठवड्यांत ते घडत असते त्याच आठवड्यांत रात्री सर्वांत जोखमीच्या असतात, कारण महिनाभरापूर्वी बरोबर असलेली मात्रा आता जास्त झालेली असते. दाण्यांवरून ओल्या आहारावर आणताना तर हा बदल काही दिवसांतच होऊ शकतो, म्हणून आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्यांना सांगावे आणि त्या काळात रोज, निदान संध्याकाळच्या मात्रेपूर्वी आणि झोपण्यापूर्वी, साखर मोजावी. दुखरे दात किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग बरा झाल्यावर, तसेच स्टेरॉइडचे औषध बंद केल्यावरही गरज अशीच घटते. मात्रेपूर्वीचे आकडे एका पाठोपाठ एक उतरत असल्याचे किंवा पाण्याचे भांडे पूर्वीइतके रिकामे होत नसल्याचे दिसले, की पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता मात्रा कमी करण्याविषयी विचारावे. इन्सुलिन बंद झाल्यानंतरही आठवड्यातून एकदा साखर मोजणे चालू ठेवावे, कारण मधुमेह काही मांजरांत पुन्हा उलटतो.