कसबा पेठ पायी कशी पाहावी

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती असली, तरी तेथे डोळ्यांना दिसणाऱ्या बहुतेक इमारती तितक्या जुन्या नाहीत, हे पाहायला निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. या पेठेचे वय तिच्या भिंतींपेक्षा आळ्यांच्या वळणांत, जागांच्या नावांत आणि नदीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीत अधिक शोधावे लागते. त्यामुळे ‘प्रेक्षणीय स्थळां’ची यादी हातात घेऊन फिरणाऱ्याची येथे थोडी निराशाच होते.

सकाळी लवकर निघावे. 2024 पासून भुयारी मेट्रोचे कसबा पेठ स्थानक सुरू झाल्यामुळे वाहन कोठे लावायचे ही चिंता उरलेली नाही. गणेशोत्सवाचे दिवस मात्र टाळावेत, कारण तेव्हा उत्सव पाहता येतो, पेठ पाहता येत नाही.

आरंभ पेठेच्या कडेला असलेल्या शनिवारवाड्यापासून करावा. वाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 रोजी झाली आणि 1732 मध्ये वास्तुशांत होऊन थोरले बाजीराव तेथे राहू लागले. 1828 च्या आगीत आतील मजले जळून गेले व तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. येथे फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. दिल्ली दरवाजासमोर उभे राहून एक गोष्ट मनाशी नोंदवली म्हणजे पुरे: पेशव्यांची वास्तू येथे उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून शेजारी कसबे नांदत होते.

तेथून लाल महाल हाकेच्या अंतरावर आहे. शहाजीराजांनी आपल्या जहागिरीत बांधलेला आणि 5 एप्रिल 1663 च्या रात्री शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानावर छापा घातला तो मूळ वाडा आज अस्तित्वात नाही. सध्याची वास्तू महानगरपालिकेने बांधली असून ती 1988 मध्ये पूर्ण झाली. बरोबर मुले असतील तर त्यांना हा फरक आधीच सांगावा, म्हणजे ती भिंतीवर तलवारीच्या खुणा शोधत बसणार नाहीत.

पुढचा टप्पा कसबा गणपतीचा आहे आणि तो सावकाश पाहण्याजोगा आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने 1630 च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरवला होता. त्या उजाड गावी जिजाबाई बालशिवाजीसह राहायला आल्या, सोन्याच्या फाळाने जमीन नांगरवून त्यांनी तो अपशकुन पुसला आणि या गणपतीचे देऊळ बांधले, असे परंपरा सांगते. शेंदराचे थर चढलेला हा गणपती पुण्याचे ग्रामदैवत आहे. लग्नाची पहिली अक्षत आजही अनेक घरांतून येथेच ठेवली जाते, आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचा असतो. दर्शन घेऊन लगेच बाहेर न पडता लाकडी सभामंडपात थोडा वेळ बसावे, खांबांवरील आणि कमानींवरील काम पाहावे.

देवळातून निघाल्यावर मोठा रस्ता सोडून आळ्यांत शिरावे. व्यवहार आळी, शिंपी आळी, तांबट आळी अशी नावे पाट्यांवर वाचत गेले म्हणजे जुन्या कसब्यात कोणता व्यवसाय कोठे बसत होता, याचा नकाशा आपोआप तयार होत जातो. एखाद्या जुन्या वाड्याचे दार उघडे दिसले, तरी विचारल्याशिवाय आत जाऊ नये आणि कॅमेरा तर मुळीच पुढे करू नये. तेथे माणसे राहतात. परवानगी मिळालीच तर दिंडी दरवाजा, चौक, सागवानी खांब आणि वर पातळ विटांचे बांधकाम पाहावे.

नदीच्या दिशेने गेल्यावर जुन्या गावाची हद्द कळू लागते. कुंभार वेशीची वेस आज उरलेली नाही, नाव मात्र टिकून आहे, आणि कुंभारवाडा पाण्याजवळ का वसला हे मुठेचे पात्र पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. शेख सल्ल्यांचे दोन दर्गे याच पट्ट्यात आहेत. आत जायचे असल्यास डोके झाकावे. जुन्या वाड्यांच्या मधूनच एकाएकी सिमेंटच्या इमारती का दिसतात, याचे एक कारणही येथेच सापडते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरून असंख्य घरे कोसळली. उरलेले काम पुढे पुनर्विकासाने केले आणि अजूनही करीत आहे.

तांबट आळी मुद्दाम शेवटी ठेवावी, कारण सकाळी फार लवकर तेथे सगळीकडे काम सुरू झालेले नसते. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट घराण्यांनी येथे हंडे, घागरी आणि पाणी तापवण्याचे बंब घडवले. पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन जे मठारकाम करतात, ते केवळ शोभेसाठी नसते. ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कठीण होतो आणि भांड्याला बळकटी येते. काम चालू असताना कारागिराला बोलण्यात गुंतवू नये, हात थांबेपर्यंत वाट पाहावी. काही विकत घ्यायचे झाल्यास पाण्याचा तांब्या तसाच घेतला तरी चालतो, पण ज्यात स्वयंपाक करायचा ते भांडे कल्हई केलेलेच मागावे.