डाळिंब गुटीच्या पिशव्यांत मायकोरायझा: कुठे, किती आणि सुपर फॉस्फेट का नको

पावसाळ्यात बांधलेल्या डाळिंबाच्या गुट्या (झाडावरच मुळे फोडून घेतलेल्या फांद्या) उतरवून पिशव्यांत लावायचे हे दिवस आहेत. मर रोग टाळण्यासाठी पिशवीची माती उन्हाळ्यात पारदर्शक पॉलिथिनखाली तापवली असेल तर उत्तमच. मात्र त्या उष्णतेत रोगकारक बुरशींसोबत मायकोरायझाही काही प्रमाणात मरू शकते. कोकोपीटमध्ये तर ती नसतेच. मुळांना दूरवरचे स्फुरद आणि जस्त आणून देणारी ही बुरशी त्यामुळे बाहेरून द्यावी लागते.

ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे शेणखतात मुरवून काही उपयोग नाही. तशी मुरवायची ती ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारक बुरशींना रोखणारी बुरशी: 100 किलो कुजलेल्या शेणखताला 1 किलो, सावलीत, ओलसर ठेवून 15 दिवस. दोन्हींची कामे वेगळी आहेत, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

पोयटा माती, वाळू आणि हे शेणखत 2:1:1 प्रमाणात मिसळून पिशवी दोन तृतीयांश भरा. मधोमध खळगा करून त्यात 5 ते 10 ग्रॅम मातीमिश्रित मायकोरायझा पसरा. गुटीवरचे प्लास्टिक सोडा, पण मॉस (मुळांभोवती गुंडाळलेले शेवाळ) ओढून काढू नका; त्याबरोबर कोवळी मुळे तुटतात. मॉसमधून बाहेर डोकावणारी पांढरी टोके थेट भुकटीला टेकतील अशी गुटी बसवा आणि वरून माती भरा. सगळ्या मिश्रणातच मिसळायची असेल तर 1000 किलोला 10 किलो लागते. जास्त सांद्र (कॉन्सन्ट्रेटेड) उत्पादनाला मात्र पाकिटावरचीच मात्रा घ्या. आधीच लावलेल्या पिशवीत पेन्सिलने मुळांपर्यंत तीन-चार भोके पाडून त्यांत भुकटी सोडा. नुसती वर भुरभुरली तर ती वरच्या थरातच अडकते, आणि पानांवर फवारणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

सर्वात जास्त नुकसान होते ते स्फुरदाने. मुळाला स्फुरद आयते मिळाले की झाड बुरशीला साखर देणे कमी करते आणि ती मुळात नीट शिरतच नाही. म्हणून मिश्रणात सुपर फॉस्फेट, डीएपी किंवा हाडांचा चुरा घालू नका. पहिले 6 ते 8 आठवडे 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश असलेले विद्राव्य खत) सुद्धा टाळा. पाने फिकट वाटली तर लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटची हलकी आळवणी पुरे.

कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा दोन्हींना मारक आहे. गुटी लावल्यावर सवयीने ती देणारे बरेच जण आहेत. निदान मायकोरायझा दिलेल्या पिशव्या तरी त्यातून वगळा. पिशवीत पाणी साचले तरी बुरशी हवेअभावी मागे पडते. तळाशी आणि बाजूंना भोके मोकळी ठेवा, सततच्या पावसात पिशव्या उंचवट्यावर मांडा.

मातीवर पांढरा कापूस दिसला म्हणजे मायकोरायझा लागली असे समजू नये; तो सहसा कुजणाऱ्या पदार्थांवरच्या बुरशीचा असतो. मायकोरायझा मुळाच्या आत आणि लगतच्या मातीत असते आणि प्रयोगशाळेत मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. शेतात लावताना म्हणूनच मुळांभोवतीचा मातीचा गोळा फोडू नका.

उरलेले पाकीट सावलीत, रासायनिक खतांपासून दूर ठेवा आणि मुदतीत संपवा. मिरची, टोमॅटो, वांग्याच्या कुंड्यांना ते उपयोगी पडेल; कोबी, फुलकोबी, मुळा, पालक आणि बिटाच्या मुळांशी मात्र या बुरशीचे जमत नाही.